पौषात सांगितलेला उन्हाळा

पौषातल्या सकाळी आगटीत कणीस खुपसलं की आधी बारीक चुरचुर ऐकू येते. मग ज्वारीच्या हिरव्या दाण्यातलं दूध आतल्या आत तापू लागतं, एखादा उतावळा दाणा फट्‌कन उडतो, आणि भाजलेलं कणीस तळहातावर चोळताना येतो तो खरबरीत, ऊबदार, लगबगीचा आवाज. हुरड्याचा वास सगळ्यांच्या ओळखीचा, गोडीही ओळखीची. पण हुरडा ऐकायचाही असतो, हे मला कानांवर हेडफोन चढवल्यावर कळलं. किती गजबजलेली असते ती आगटीभोवतीची शांतता! यंदा मात्र त्या सगळ्या आवाजांमागे आणखी एक आवाज होता, मोठ्या आईचा. घोगरा, ओढून काढल्यासारखा, वाक्य संपता संपता विरून जाणारा. चोळलेला हुरडा माझ्यापुढे करत ती म्हणाली, "तूच फुक गं. माझ्यानं फुकनं व्हत न्हाई आता."

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. पिंपळगाव रेणुकाईजवळच्या आमच्या गावात, विहाराच्या मागच्या गल्लीत ती आणि तिचा मुलगा बाळूदादा राहतात. मी जालन्यात शाळेत मराठी शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी पॉडकास्ट करते. हा शब्द मोठ्या आईच्या तोंडी कधी बसला नाही. ती त्याला 'तुझं रेडू' म्हणते. प्रत्येक ऋतूचा एक भाग, आणि त्या भागात त्या ऋतूत आमच्या घरांमध्ये काय शिजलं, कसं शिजलं, कुणी खाल्लं याची गोष्ट. ऐकणारे पांगलेले: कुणी पुण्यात कंपनीत, कुणी वाळूजला, कुणी आखातात. हेडफोन लावून ही मंडळी आपल्या आईची चूल ऐकतात आणि मला निरोप पाठवतात की मॅडम, डोळ्यांत पाणी आलं. मला आपलं बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, जरा हवाच जाते डोक्यात.

पाठ्यपुस्तकात मी सहा ऋतू शिकवते. वसंत, ग्रीष्म, वर्षा, अशी ती देखणी नामावली मुलं घडाघडा म्हणतात. पण आमच्या गल्लीत पूर्वी ऋतू दोनच होते, असण्याचा आणि नसण्याचा. दुसऱ्यांच्या शेतात राबायचं, कापणी झाल्यावर मागे राहिलेला सरवा वेचायचा, आणि वेचलेल्या त्या कणसांवर जितके दिवस निघतील तितके असण्याचे. आज बाळूदादाच्या स्वतःच्या रानात ज्वारी उभी आहे, आणि तिचा हुरडा मालकिणीच्या तोऱ्यात मोठी आई मला खाऊ घालते. हे सुख किती नवं आहे, हे तिच्या हातांकडे पाहिल्याशिवाय समजत नाही. ती कणीस चोळते तेव्हा एक दाणासुद्धा खाली पडत नाही.

आगटीपाशी बसून तिनं हिवाळ्याचा भाग बोलून दिला. हुरड्याबरोबरची तिळाची चटणी, हरभऱ्याचे कोवळे घाटे, संक्रांतीची बाजरीची भाकरी. तिचा आवाज असा कशानं बसलाय हे तेव्हा आम्हाला कळून चुकलं होतं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून शांतपणे सांगितलं होतं, गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. संक्रांत झाली की ऑपरेशन. जीव वाचण्याची आशा चांगली आहे; बोलणं मात्र जाईल. बाळूदादानं पुन्हा पुन्हा विचारलं, "बिलकुल जाईल का?" डॉक्टरांनी मान हलवली. मोठी आई त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होती.

तेव्हापासून माझ्या मनात एकच घालमेल. ऋतू सहा आणि तिच्या आवाजात हाती आलेला एक! उन्हाळ्यातलं कुरडयांचं वाळवण, विहारातल्या जयंतीच्या पंगतीतली बुंदी, पहिल्या सरीनंतर बांधावर उगवणारी तरोट्याची भाजी, हे सगळं तिच्याइतकं रसाळ कोण सांगणार? आणि कधी? मी दर दोन दिवसांनी गाडी काढून गावी जाऊ लागले. माइक पुढे ठेवायचा आणि विनवायचं, "मोठी आई, कुरडयांचं सांग ना." ती माइककडे पाहायची, माझ्याकडे पाहायची आणि ठरलेलं उत्तर द्यायची, "चैतातलं पौषात सांगू न्हाई."

हा तिच्या माहेरचा नेम. घरात जे अन्न नाही, त्याचं नाव घरात काढायचं नाही. दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला जायचं, सरकारकडून मिळणाऱ्या सुकडीवर दिवस निघायचे, तेव्हाची गोष्ट तिनं एकदा मला सांगितली होती. घरी एक पाहुणी आली होती, बोलघेवडी. बसल्या बसल्या तिनं आपल्या गावच्या आमरसाचं वर्णन आरंभलं. मोठ्या आईची धाकटी बहीण तापानं फणफणली होती. तिनं ते ऐकलं आणि मग दिवसभर रसच मागत राहिली. सुकडी तोंडाजवळ नेली की तोंड फिरवायची. संध्याकाळी त्यांच्या आईनं सगळ्या लेकरांना समोर बसवलं आणि बजावलं की आजपासून, ज्याचा मोसम न्हाई त्याची गोष्ट न्हाई. भूक सोसता येते, पण नुसत्या शब्दांनी चाळवलेली भूक लेकरांना सोसत नाही, हे त्या माउलीनं केवढ्या दुःखातून ओळखलं असेल! मी शब्दांवर जगणारी बाई. तरी मला हे मान्य करावं लागलं. पण किती दिवस वाट पाहणार? दिवस तर भराभरा चालले होते.

"आता कुठंय दुष्काळ?" मी एकदा चिडून म्हणाले. "घरात गव्हाची कोठी भरलेली आहे. आणि नंतर तुला—"

 पुढचं तिनंच पुरं केलं. "नंतर मला बोलता येनार न्हाई. मला ठाव हाये, पोरी. बहिरी न्हाई झाले अजून." आणि हसायला गेली तर खोकल्याची उबळ आली. बाळूदादा रानातून आला होता, पायरीवर बसून तो माझ्यावर खेकसला, "काहून तिला बोलायला लावून राह्यली तू? दुखतंय तिला! तुझं रेकॉर्डिंग म्हत्त्वाचं का तिचा गळा?" मी माइक पिशवीत टाकला. परतताना रस्ताभर मी स्वतःशीच भांडत होते. मला काय हवं होतं? तिच्या गोष्टी, की तिचा आवाज, की तो आवाज आपल्या मोबाइलमध्ये आहे असं उशाशी घेऊन झोपण्याचा धीर? तिळगूळ घ्यायला गेले तेव्हा ती तिळाचं बोलली, गुळाचं बोलली, आणि चैत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही तिघं वॉर्डात होतो. तिला दवाखान्याचे हिरवे कपडे घातलेले, बांगड्या काढून बाळूदादाच्या खिशात ठेवलेल्या. तो कसल्याशा सह्या करायला खाली गेला. मी तिचे पाय चेपत होते, तोंडाला येईल ते बडबडत होते. अचानक छताकडे पाहत ती म्हणाली, "गहू भिजू घालायचा तर इहिरीचं पानी घ्यावं. नळाच्यानं चीक पिवळा पडतो."

माझे हात थबकले. गव्हाचा चीक! कुरडयांचा, चैत्रातला चीक! ज्या वाक्यासाठी मी महिनाभर जीव टाकत होते ते तिनं आपण होऊन उच्चारलं होतं. पण हा नेम ती का मोडतेय, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. चैत्र आपल्याला दिसेल याची तिची खात्री उरली नव्हती. मी तिचा हात घट्ट धरला. म्हटलं, "नको, मोठी आई. आत्ता नको. चैतातलं चैतात सांग." उन्हाळा नको, पाऊस नको, काही नको, ती फक्त हट्टाला पेटून गप्प राहावी, पूर्वीसारखी, असं मला इतकं कळकळून वाटलं की रडूच फुटलं.

तिनं हात सोडवून घेतला. "चैतात कुठलं तोंड आनू?" ती म्हणाली. "जल्दी कर. बटन दाब."

मी बटन दाबलं. माइक नव्हता, हेडफोन नव्हते, शेजारच्या खाटेवर कुणी कण्हत होतं, चाकांच्या खुर्च्या खडखडत होत्या. माझ्या सगळ्या नेटक्या ध्वनिमुद्रणांत इतकं गचाळ दुसरं नाही. तिनं उन्हाळा सांगितला. भिजवून, रगडून, गाळून काढलेला चीक आटवताना हात थांबला की गुठळी झालीच. म्हणून गल्लीतल्या बायांनी पाळीपाळीनं घोटायचा, आणि पहिली गरम वाटी लेकरांना गूळ घालून द्यायची. मग दम खाऊन तिनं पाऊस सांगितला. तरोट्याचा पाला, कुर्डूची भाजी, भिजलेल्या गोवऱ्यांशी झुंजणारी चूल. दर वाक्याला आवाज आणखी खाली जात होता आणि मी मोबाइल तिच्या ओठांच्या आणखी जवळ नेत होते. भादव्यातल्या मुगाच्या शेंगांपाशी ती पोचली तेव्हा स्ट्रेचर आलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. ती घरी आली, गळ्यावरच्या छिद्राला पातळ फडकं बांधून. सुरुवातीला चिडायची, ताट सारायची, पाठ फिरवून पडायची. पुढे हळूहळू खुणा करू लागली, आणि त्या खुणांतही हुकूम सोडू लागली. चैत्र आला. गल्लीत गहू भिजला, विहिरीच्याच पाण्यात. परवा सकाळी बाळूदादाच्या अंगणात कुरडयांचा घाट होता. धुरापासून दूर, लिंबाच्या सावलीत बाजेवर बसून मोठी आई सोऱ्यानं कुरडया घालत होती. बायांनी गळ घातली म्हणून तिला विचारून मी मोबाइल मध्ये ठेवला आणि तिचा आवाज लावला. घोटणाऱ्या बाईचा हात थांबेना, पण बोलणं सगळ्यांचं थांबलं. कुणी पदर डोळ्यांना लावला. मोठी आई स्वतःचंच बोलणं मान तिरपी करून ऐकत होती, जणू कुणी दुसरी बाई बरोबर सांगतेय की नाही हे तपासावं.

मोबाइलमधला उन्हाळा संपला. दम खाल्ल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "पहिला पानी पडला की बांधावर—"

सोऱ्या खाली ठेवून मोठी आई पुढे वाकली आणि चिकानं माखलेल्या बोटानं तिनं आवाज बंद केला. वर बोट दाखवलं: स्वच्छ, कोरडं, तापलेलं आभाळ. बायांना हसू आवरेना. मी मोबाइल घ्यायला हात पुढे केला तर तिनं मान हलवली, तो पदराला पुसला आणि कमरेला खोचून टाकला. पाऊस येईपर्यंत तो आता माझ्या हाती लागणार नव्हता. म्हणजे पाऊस येईपर्यंत थांबायचा तिचा बेत पक्का होता.