फळ्याचं टपाल

दोन हजार तेवीस साल, मी बहात्तर वर्षांचा. त्याच वर्षी आमचं पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झालं, सौंसर त्यात आलं, चौकात फटाके फुटले. आणि त्याच वर्षी परमुलखातल्या एका मशीननं मला सांगितलं की पांढुर्णा नावाचं कोणी आम्हाला माहीत नाही. अजून आठवलं की तोंडाला कडू चव येते.

मी चौथी पास. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान जन्मभर चालवलं. दुकानाबाहेर एक काळा फळा टांगला होता, सुतळीनं खडू बांधलेला. ज्याला जे सांगायचं ते तो लिहून जाई. मोहगावच्या बाजारात तांबडी गाय चुकली आहे. जुन्या रेडिओचा वॉल्व्ह कोणाकडे असेल तर ठेवावा. बोरगावची बस आज नाही. लिहिणाऱ्याला मी कधी विचारलं नाही की बाबा तू कोण. फळा होता, खडू होता, झालं.

हात कापायला लागले तेव्हा दुकान बंद केलं, पण फळा बंद करायला जीव झाला नाही. तो मी कॉम्प्युटरात घेतला. जुनं मशीन, त्यावर लिनक्स, कारण ते फुकट येते आणि चालू करताना तुमची जात-पात विचारत नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं, थेट खडूसारखी. इथले लोक, इथून पुण्याला गेलेले लोक, घरूनच जोडून घेतात आणि लिहितात. संत्र्याची गळ, जुने रेडिओ, कोण वारलं, कोणाचं लग्न. इंग्रजी मला मशीनपुरतीच येते, पण तेवढी पक्की येते. एकेक शब्द डिक्शनरीत पाहून मी ते सगळं बसवलं. कोणाच्या बापाचं त्यात काही नाही.

या फळ्यावर सगळ्यात जास्त बडबड करणारा म्हणजे रामाकोन्याचा माझा दोस्त. तोही रेडिओवालाच. सौंसरच्या बाजारात आमच्या दोघांच्या चटया शेजारी लागत आणि आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं ओढत असू. त्याचे कान पूर्ण गेले. फोन त्याच्या कामाचा नाही. त्यामुळे फळा हेच त्याचं तोंड आणि हाच त्याचा कान. मग बायको गेली, आणि बैतूलला मास्तरीण असलेली मुलगी त्याला घेऊन गेली. तिच्या घरी कॉम्प्युटर नाही, एक टॅबलेट आहे. त्यावर फळा उघडणं त्याच्या बोटांना जमत नव्हतं. ईमेल मात्र वाचता येत होती.

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर त्याला गाडीत बसवायला गेलो होतो. बहिरा माणूस जोरात बोलते, सगळा डबा ऐकत होता.

"अबे, आता मले फळा कोन दाखवन?"

मी पेपराच्या कोऱ्या कडेवर लिहिलं, रोजच्या रोज ईमेलनं पाठवतो. तू फक्त उघडजो.

त्यानं चष्मा वर करून वाचलं. "पाहू. तू बोलतं लय."

मी सगळ्या डब्यासमोर शब्द दिला होता. गोष्ट एवढीच आहे.

आता ईमेल पाठवायची म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर टपाल नेणारं सॉफ्टवेअर बसवावं लागते. त्याची सेटिंगची फाईल असते, मारुतीच्या शेपटीएवढी. ती मी दिवाळीनंतर बसून भरली. त्यात रिवाज असा की आपलं मशीन समोरच्या दारात जाऊन आधी राम राम घालते आणि आपलं नाव सांगते. ते नाव पटलं तर समोरचं मशीन टपाल आत घेते. नावाच्या जागी मी लिहिलं, पांढुर्णा.

आमच्याकडे रीतच ती आहे. दार वाजवलं आणि आतून "कोण?" आलं, तर कोणी आपलं नाव सांगते का? "मी आहो." "मी कोण?" "मी पांढुर्ण्याचा." मग आतली बाई ओळखते की हा रेडिओवाला असेल, किंवा नणंदेचा दीर. स्वतःचं पूर्ण नाव स्वतःच्या तोंडानं सांगणं म्हणजे कोर्टात उभं राहणं. गाव सांगावं, पुढचं समोरच्यानं ओळखावं. मशीनलाही मी हेच वळण लावलं.

दोस्ताचं ईमेल खातं ज्या मोठ्या कंपनीत होतं, तिच्या मशीननं दारातूनच हाकललं. नाव अपुरं आहे, असं म्हणे. इंग्रजीत एक ओळ, राम राम नाही, बसा नाही.

नागपूरला माझा भाचा कॉम्प्युटरचं काम करते. त्याला फोन केला. तो हसला.

"मामाजी, पूर्ण नाव लागते. ठिपक्या-ठिपक्यांचं. तुम्ही फळ्यासाठी जे नाव घेतलं आहे ना, ते जसंच्या तसं टाका."

"पांढुर्णा म्हटल्यावर समजत नाही त्याले?"

"त्याले नागपूरही समजत नाही, मामाजी."

टाकलं. पुन्हा हाकललं. आता म्हणे, नाव तुम्ही सांगता ते ठीक, पण तुमच्या इंटरनेटच्या नंबरावर दुसऱ्याचंच नाव लागलेलं दिसते. म्हणजे मी खोटं बोलतो. दुकानाच्या इतक्या वर्षांत कोणी मला खोटारडा म्हटलं नव्हतं, ते एका यंत्रानं म्हटलं, आणि तेही दोस्ताच्या दारात.

नंबर इंटरनेटवाल्याचा होता, त्यानं त्यावर आपल्या धंद्याचं नाव चढवलं होतं. त्याचं ऑफिस सौंसरला. गेलो. काउंटरमागे एक चांगला चाळिशीतला माणूस, मोबाईलमध्ये तोंड घालून.

"काका, घरी नेट चालून राहिलं ना?"

"चालून राहिलं."

"मग तकलीफ काय आहे?"

"माझ्या नंबरावर तुमचं नाव आहे. माझं पाहिजे."

त्यानं मान वर केली. "नाव पाहिजे तर घरावर पाटी लावा ना, काका."

मागे बिल भरायला उभे असलेले दोघं-तिघं हसले. मी हसलो नाही. भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि बसलो. भाकर-चटणी बांधूनच नेली होती. त्याच्या काउंटरसमोर सोडली आणि खाल्ली. येणारा प्रत्येक जण विचारी, हे काका काऊन बसले? मी सांगे, माझं नाव घ्यायला बसलो. दुपार कलली तेव्हा त्यानं वरच्या साहेबाला फोन लावला. साहेबानं अजून कोणाला तरी लावला. इतक्या वेळात मी दोन रेडिओ उघडून बंद केले असते.

"झालं, काका. आता घरी जा बा."

घरी येऊन पाठवलं, आणि समोरच्या मशीननं घेतलं. हिशेबाच्या फाईलीत ओळ आली की टपाल स्वीकारलं. मी त्याच्या जाण्यापासूनचं सगळं पाठवून दिलं, एकेका दिवसाचं एकेक टपाल. कोणाची संत्री कशी गेली, पोळ्याला कोणाचा बैल पहिला आला, सौंसरच्या जुन्या चहावाल्याचं काय झालं. मग त्याच्या उत्तराची वाट पाहत बसलो. त्याची शिवी येईल म्हणून. शिवीशिवाय तो कधी सुरू करत नसे.

काही आलं नाही. आठवडा वाट पाहून मुलीला फोन केला.

"नाही आलं ना काही, काकाजी. बाबा रोज सकाळी टॅबलेट घेऊन बसते. पाहते, पाहते, मग ठेवून देते."

"काही म्हणाले?"

"परवा म्हणे, तो बोलते लय."

मी फोन ठेवला. पुन्हा भाच्याला गाठलं, तेव्हा त्यानं सांगितलं की मशीननं घेतलं याचा अर्थ माणसाला दिलं असा होत नाही. कंपनी टपाल घेते आणि आपल्या मर्जीनं कचऱ्याच्या पेटीत टाकते. त्या पेटीत काय असते ते मी माझ्याच खात्यात उघडून पाहिलं. लॉटरी लागली म्हणून सांगणारे. मर्दानगीची औषधं विकणारे. तुमचं बँक खातं बंद पडते, लवकर इथं बोट लावा म्हणणारे चोर. उकिरड्यावर मेलेलं जनावर पडलं असावं तशी ती पेटी. माझ्या फळ्याचं टपाल, कोण वारलं आणि कोणाचं लग्न, ते या घाणीत नेऊन टाकलं होतं. शिसारी आली. टाकण्याआधी कोणी उघडून तरी पाहावं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दगडांची गोटमार होते, डोकी फुटतात. पण गोटा मारणारा समोर उभा असते, त्याचं तोंड दिसते. या कंपनीला तोंडच नाही. कोणाच्या अंगणात जाऊन भांडू?

भाचा म्हणाला, "मामाजी, एक सोपा रस्ता आहे. टपाल तुम्ही थेट पाठवू नका. त्या मोठ्या कंपनीच्याच मशीनच्या हाती द्या, ते पोचवते. त्याची पत आहे."

"आन् माझी नाही?"

"त्याच्या लेखी नाही ना. नवीन माणूस तुम्ही."

बहात्तराव्या वर्षी नवीन माणूस. माझ्या बागेची संत्री दुसऱ्याच्या बैलबंडीत भरून, दुसऱ्याच्या नावानं मंडीत पाठवायची, आणि वर त्याला हात जोडायचे. मी नाही म्हटलं. भाचा समजावत राहिला, मी नाही म्हणत राहिलो. शेवटी तो कंटाळून म्हणाला, मग दुसरं एकच. त्यांच्या घरच्या कोणी त्या पेटीत जाऊन तुमच्या टपालावर 'हे स्पॅम नाही' असं बटण दाबलं पाहिजे. मग मशीन हळूहळू शिकते.

हेही काही चांगलं नव्हतं. माझं टपाल कचरा नाही, असा दाखला मी कंपनीकडे मागायचा. पण दोस्त रोज सकाळी टॅबलेट घेऊन बसते, हे डोक्यातून जाईना. संध्याकाळी मुलीला फोन लावला, म्हटलं, बाई, स्पॅमची पेटी उघड, त्यात माझं टपाल आहे, त्यावर बटण दाब.

"काकाजी, राग मानू नका. त्या पेटीतलं आम्ही काहीच उघडत नाही. शेजारच्या सरांचं बँकेचं खातं साफ झालं असंच. बाबांनाही सांगून ठेवलं आहे, तिकडे बोट लावायचं नाही."

"अव बाई, मी सांगून राहिलो ना."

"हो. पण आजकाल ओळखीचा आवाज काढूनही फोन करते म्हणे." मग म्हणाली, "काकाजी, एक विचारू? तुमच्या दुकानासमोर काय होतं?"

या पोरीला मी कडेवर घेऊन त्या दुकानात रेडिओ ऐकवला होता. आता ती माझी परीक्षा घेत होती. मशीनपासून सुरू झालेला रोग माणसात उतरला होता. दुकानासमोर हापसा होता, त्याखाली तिनं एकदा नवा फ्रॉक भिजवला होता, हे मला आठवत होतं. मी सांगितलं नाही. "उद्या सांगतो," म्हटलं, आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बैतूलला गेलो. संत्र्यांची एक पिशवी घेतली, दुसरं काही नाही. दार मुलीनंच उघडलं, शाळेत जायच्या घाईत, हातात डबा. मला पाहून तिचा चेहरा उतरला.

"काकाजी, तुम्ही?"

"हापसा होता," मी म्हटलं. "आवाज खरा होता."

ती वाकून पाया पडली. मी आत गेलो. दोस्त खिडकीजवळ बसला होता, मांडीवर टॅबलेट. मला पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "काबे, आता आठवन आली?"

मी टॅबलेट हातात घेतला. पेटी उघडली. लॉटरी, औषध, लॉटरी, आणि मध्ये-मध्ये आमचा फळा, एका ओळीत एक दिवस. त्याला दाखवलं. तो बोट ठेवून तारखा आणि बातम्या वाचत गेला, खाली, अजून खाली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग एकाच ठिकाणी थांबला.

"चहावाला गेला?"

मी मान हलवली.

"मले कोनी सांगतलं नाही."

मुलगी दारातच उभी होती. मी टॅबलेट परत घेतला आणि पहिल्या टपालावर ते बटण दाबलं. मग दुसऱ्यावर. मग सगळ्यांवर. दोस्त पाहत होता. म्हणाला, "एवढ्यासाठी बैतूलले आला? तिथूनच दाबता नाही आलं तुले?"

मी मोरीत गेलो आणि त्या पेटीत घातलेले हात साबण लावून धुतले.