फीतवाल्या बाईंचा भागाकार

रुग्णालयाच्या तळघरात संगणकाची खोली होती आणि त्या खोलीत फीतवाल्या बाई होत्या. सगळे त्यांना याच नावानं ओळखत. लागल्या होत्या टंकलेखनासाठी. संगणकाची माहिती साठवणाऱ्या फितींचं यंत्र चालवणारा माणूस नोकरी सोडून गेला, तेव्हा थोडे दिवस म्हणून त्या यंत्रापुढे बसल्या आणि बसल्या त्या बसल्याच. कुठलीही जुनी फीत लावण्याआधी एक टाकाऊ फीत चालवून बघायची, हा त्यांचा नेम. "पाहुण्याला वाढायच्या आधी मीठ बघावं," म्हणायच्या.

त्यांचे यजमान टेलिफोनच्या लाइनी जोडणारे. रुग्णालयाची लाइनही त्यांच्याच ताब्यात. दोघांचं काम माहिती इकडून तिकडे नेण्याचं, पण मापं वेगळी. टेलिफोनवाले बिट मोजतात, फीतवाले बाइट. बिट म्हणजे सुटा दाणा, बाइट म्हणजे आठ दाण्यांची पुडी. यजमान जेवताना कौतुकानं सांगत, "नवी लाइन चौसष्टची आहे." बाई भाजी वाढता वाढता म्हणत, "म्हणजे आठची."

"अगं, चौसष्ट म्हणजे चौसष्ट."

"तुमच्याकडे. माझ्याकडे आली की आठ."

घरात हा विनोदच होऊन बसला. यजमान म्हणाले, "पाच मिनिटांत येतो," तर बाई म्हणत, "तुमचा वेग आठनं भागायचा आणि वेळ आठनं गुणायची." गेली कित्येक वर्षं हे चाललं होतं, आणि भागाकार इतका अंगवळणी पडला होता की आकडा कानावर आला की उत्तर तोंडात तयार.

एके दिवशी सकाळी दुसऱ्या गावच्या मोठ्या रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. शिवणकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे दाखल होती. गाठ पुन्हा उद्भवली होती, मणक्याच्या अगदी जवळ. पूर्वी तिच्यावर किरणांचे उपचार झाले ते इथे. तेव्हा किती किरण दिले होते हे कळल्याशिवाय डॉक्टर यंत्र सुरू करायला तयार नव्हते. जास्त झाले तर पाय कायमचे जातील, कमी झाले तर गाठ राहील. कागद पाणी शिरून केव्हाच लगदा झाले होते. उरली होती एक फीत.

ती वाचणारं यंत्र आता फक्त बाईंकडे होतं. माहिती फितीवर एकामागून एक भरलेली, त्यामुळे एक नाव हवं असलं तरी सगळी फीत फिरवावी लागणार. संगणकात ती ठेवायला जागा नव्हती. वाचता वाचता लाइनीवरून थेट तिकडे पाठवायची. आणि फीत इतकी म्हातारी, की एक फेरा झेपेल, दुसऱ्याची खात्री नाही.

यंत्र सेकंदाला नव्वद किलोबाइट वाचायचं. बाईंनी यजमानांना फोन केला. "लाइन किती आहे?"

"बारा चॅनेल, प्रत्येकी चौसष्ट. सातशे अडुसष्ट किलोबिट."

"म्हणजे शहाण्णव. पुरे झालं," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

नेमाप्रमाणे टाकाऊ फीत लावली. यंत्र निघालं, आणि लगेच अडखळलं. फीत थांबली, थोडी मागे गेली, दम घेऊन पुढे आली, पुन्हा थांबली. लाइन माल उचलत नसली की ते यंत्र असंच करतं. नव्या फितीला हे चालतं. जुनीच्या अंगावरचा लेप मात्र खरवडून निघतो, आणि लेपाबरोबर लिहिलेलंही.

बाईंनी यंत्र बंद केलं. त्यांनी यजमानांना बोलावून घेतलं. ते आले, यंत्राकडे बघितलं आणि कानामागे खाजवलं.

"तुझ्या संगणकाच्या आणि लाइनीच्या मधला डबा बदललाय. चांगला दुरुस्तीला गेला म्हणून जुना लावला."

"मग?"

"जुना डबा प्रत्येक पुडीच्या आधी एक दाणा लावतो आणि नंतर एक. पुडी कुठे सुरू झाली, कुठे संपली, हे पलीकडे कळावं म्हणून."

"म्हणजे दहानं भागायचं. सत्त्याहत्तर सुद्धा होत नाहीत. हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"सांगू कधी? मी आकडा म्हणालो आणि तू उत्तर देऊन फोन ठेवलास."

बाई खुर्चीत बसल्या आणि पुन्हा सावकाश मांडणी केली. "नव्वदला दहानं गुणलं की नऊशे. पंधरा चॅनेल द्या."

"ती तीन बोलण्याच्या फोनांतून काढावी लागतील. स्विचबोर्डवर कोण आहे ते तुला ठाऊक आहे."

स्विचबोर्डवर बाईंची नणंद होती. बाई स्वतः वर गेल्या. "वन्सं, बारा मिनिटं तीन चॅनेल हवीत."

"वहिनी, भेटीच्या वेळेला? अख्ख्या वॉर्डाचे नातेवाईक माझ्या डोक्यावर बसतील." नणंदेनं कानावरचं यंत्र बाजूला केलं. "आणि बारा मिनिटं तुझी की दादाची?"

"माझी."

"मग घे. दादाची असती तर दिली नसती."

पंधरा चॅनेलवर टाकाऊ फीत एका सुरात, कुठेही न अडखळता पार गेली. बाईंनी यंत्राचं फीत वाचणारं डोकं पुसलं आणि खरी फीत लावली. यजमान दाराशी उभे राहिले. मध्यावर आवाज किंचित जड झाला. यजमानांनी पाऊल पुढे टाकलं, बाईंनी हातानंच थांबवलं. आता थांबवणं म्हणजेच मागे नेणं. आवाज पुन्हा मोकळा झाला आणि फीत शेवटाला लागली.

मग तिकडच्या डॉक्टरांच्या फोनची वाट. तो आला तेव्हा बाईंनी यजमानांच्या हातात दिला, बाईंना स्वतःला ऐकवेना.

"नाव सापडलं," यजमान ऐकत ऐकत सांगू लागले. "सगळे आकडे वाचता येतात. पूर्वी कमी दिले होते म्हणे, अजून वाव आहे. उद्या सुरू करतायत."

बाईंनी मान डोलावली. यंत्राच्या डोक्यावर तपकिरी भुकटी जमली होती, ती कापसानं पुसून काढली. फीत डबीत ठेवली आणि डबीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "पुन्हा चालवू नये." मग वर नणंदेला कळवायला गेल्या, की तीन चॅनेल मोकळी झाली.