समोरासमोरची दोन दुकानं

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सलमानियाच्या इस्पितळातून घरी पोहोचलेही नव्हते. तासाभरापूर्वी माझ्याशी बोलले होते. मी निघताना एवढंच म्हणाले, "रॉबर्टला सांग..."

काय सांगायचं, ते त्याच दुपारी त्यांच्याच तोंडून कळलं होतं. मामा तरुणपणी अकोल्याहून बहारीनला आले, नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमची मशीनं दुरुस्त करायला. मनामा शहरात त्यांच्या शेठची गेमची दोन दुकानं समोरासमोर होती. नावं वेगळी, नोकर एकमेकांना शिव्या देणारे. मालक एकच, हे फक्त मामांना ठाऊक, कारण मागच्या दाराने दोन्हीकडे तेच जात. एका आठवड्यात इकडचे खेळ अवघड करायचे, तिकडचे सोपे. पुढच्या आठवड्यात उलटं. चिडलेली पोरं रस्ता ओलांडत आणि आपण शत्रूकडे गेलो असं समजत. तिसऱ्या कुणाला त्या गल्लीत जागाच उरू नये, हा डाव.

तरी तिसरा आला. वसईचा रॉबर्ट, मामांचा जिवलग. त्याने विचारलं होतं, "दोघं भांडतायत, मधे माझं भागेल ना?" मामा म्हणाले, "बघ बाबा तुझं तू." रॉबर्टने दुकान उघडताच शेठने दोन्हीकडचे खेळ एकदम सोपे करवले. एका नाण्यात पोरं तासभर खेळू लागली... काही महिन्यांत रॉबर्टचं दुकान खलास. मशीनची बटणं मामांनीच फिरवली होती.

"का नाही सांगितलंत त्यांना?"

"व्हिसा शेठच्या हातात होता."

"व्हिसापायी मित्राला बुडवलंत?"

"पत्रकात बरं दिसेल हे," मामा हसले. माझं बालपण बाबांची चळवळीची पत्रकं वाटण्यात गेलं, त्यावरून ते मला डिवचत. "तुझ्या बापाला पत्रक छापायला व्हिसा लागत नव्हता."

मामांच्या पुण्यानुमोदनाला उम्म अल हस्सममधल्या त्यांच्या फ्लॅटवर रॉबर्ट अंकल आले. बुद्धवंदना संपेपर्यंत मागे उभे राहिले. मग मला म्हणाले, "तुझ्या मामासारखा सरळ माणूस मी बघितला नाय, बाय." मी तोंड उघडणार, तोच ते मामींकडे वळले. हॉटेलातल्या नोकरीची सगळी शिल्लक घालून अरादला मुलासाठी गेम झोन काढतायत. "तिथले दोन मोठे झोन एकमेकांच्या जिवावर उठलेत. मधे आपलं भागेल. लवकरच जागेच्या करारावर सही, इंशाल्ला."

ते दोन्ही झोन जुन्या शेठच्या मुलाचे आहेत. दोन्हीकडची मशीनं मामांचा मुलगा नितीन सांभाळतो. पाणी वाटता वाटता तो थांबला होता. "नॉट टुडे, ताई," तो पुटपुटला. मामींनी माझं मनगट घट्ट धरलं.

मामांना जाब विचारणारी मी दोन आठवडे गप्प होते. मग एका दुपारी अरादला रॉबर्ट अंकलच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"परवाच सही झाली, बाय," ते म्हणाले. मग विचारलं, "नितीनच्या नोकरीचं काय होईल आता?"

आज सकाळी नितीनने कामाला निघताना मामांची हत्यारांची पेटी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"अंकलचं उघडलं, म्हणून आजपासून दोन्हीकडचे खेळ सोपे करायचेत," तो म्हणाला. आणि माझ्याकडे न बघता, "तू लिही हे सगळं, ताई."

धाकट्या शेठचा फोन तिसऱ्यांदा वाजतोय. पेटी अजून दारातच आहे.