नानांची विचारपूस

अख्ख्या खानदेशात बास्केटबॉलमधलं माझ्याइतकं कुणाला कळत नसेल. कळणारच, मला कधी कुणी खेळवलंच नाही, सगळा खेळ बाकावर बसून पाहिला.

बाकावरून जास्त पाहिले ते आमचे नाना. आमच्या जळगावच्या टीममधले सगळ्यात म्हातारे. दिवसा शिलाई मशिनी दुरुस्त करायचे, संध्याकाळी गुडघ्यांना फडकी बांधून मैदानात. उडी म्हणाल तर दारातली बकरी बरी. पण समोरच्या टीममधला सगळ्यात जास्त बास्केट टाकणारा पोरगा नेहमी नानांकडे. त्याला अडवायचं कसं, यावर चहाच्या टपरीवर आमचा रोज वाद. मी म्हणायचो, धक्का मारून आडवा करावा. नाना म्हणायचे, "आडवा नको, उभाच ठेव. बोलता कर." आणि करायचे. पोरगा बॉल घेऊन आला की हात पसरून, पंगतीत शेजारी बसल्यासारखं, "कोनतं गाव शे रे भाऊ? एरंडोल? मग मामा भडगावचे का?" आता वडीलधाऱ्या माणसानं मामा विचारला, तर उत्तर न देता पुढे कसं जायचं? पोरगं थबकून "हो, नाना" म्हणेपर्यंत बॉल गेलेला. सरावात एकदा मलाही विचारलं. मी मामापासून मावशीच्या नणंदेपर्यंत सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा मैदान रिकामं होतं.

नानांची एकच हौस राहिली होती. गुडघे जायच्या आत एकदा तरी धुळ्याला हरवायचं. फायनल धुळ्यातच लागली. धुळ्याचा उंच पोरगा कुणालाच आवरेना. नाना पुढे झाले. "वडील काय करतात रे?"

बॉल आपटता आपटता तो म्हणाला, "गेले. मागच्या महिन्यात."

नाना हात वर धरून नुसते समोर उभे राहिले, शेवटपर्यंत एक शब्द नाही. तो टाकत गेला. मी बाकावरून ओरडतोय, "नाना, बोला काहीतरी." आम्ही हरलो. परतीच्या एसटीत मी म्हटलं, "निदान मामा तरी विचारायचा." नाना खिडकीबाहेर बघत होते. "थांबला असता तर रडला असता रे," म्हणाले.

त्यानंतर नाना मैदानात उतरले नाहीत. काही वर्षांनी गेले, तेव्हा दहाव्याला धुळ्याहून तो उंच पोरगा आला होता. एकटाच कोपऱ्यात, डोळे पुसत. त्याला जरा हसवावं म्हणून मी जवळ बसलो.

"त्या फायनलला नानांच्या जागी मी असतो ना, तर तुला हलू दिलं नसतं."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही टीममध्ये होते? मला वाटलं, पाणी द्यायला आलेले."