दादाच्या कोड्यांचा कायदा

माझा थोरला भाऊ नांदेडला मोजणी खात्यात होता. लोकांच्या बांधांची भांडणं मिटवण्यात त्याची सगळी नोकरी सरली आणि रिटायर झाल्यावर त्याने स्वतःच भांडणं लावायला सुरुवात केली. तिथल्या एका छोट्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत तो गूढ शब्दकोडं रचायचा. सूर्य म्हटलं की ‘रवी’ लिहून मोकळं व्हायचं, तसलं कोडं नव्हे. दादाचं सूत्र सरळ वाचलं की माणूस खड्ड्यात गेलाच म्हणून समजा.

‘नदी उलटून वाहिली नि झाली गरीब, दोन अक्षरं.’ आता नांदेडचा माणूस हे वाचून गोदावरीचे पूर आठवत बसणार. दादाला पुराशी काही देणंघेणं नव्हतं. ‘नदी’ ही दोन अक्षरं उलटी वाचायची. दीन. दीन म्हणजे गरीब, संपलं. पुढच्या रविवारी तो उत्तराशेजारी अशी उकल छापायचा. त्याच्या मते नुसतं उत्तर येणं म्हणजे काहीच नाही. सूत्रातला प्रत्येक शब्द कशासाठी आला ते सांगता आलं पाहिजे, एकही शब्द फुकट उरता कामा नये.

वहिनीला कोड्यांचं वेड नव्हतं, पण एक सूत्र तिला पाठ होतं. ‘वनवराहाच्या पोटात कारभारी, तीन अक्षरं.’ वनवराह या शब्दाच्या मधोमध ‘नवरा’ बसलेला आहे, हे दादाने तिला बोट ठेवून दाखवलं, तेव्हापासून घरात कुणी पाहुणा आला आणि दादा कुठे आहेत म्हणाला, की ती सांगायची, “हायेत की डुकराच्या पोटात.” एवढं बोलून स्वतःच पदर तोंडाला लावून हसायची.

एकदा दादाकडून एक सूत्र चुकलं. जे अक्षर शब्दात नव्हतंच, ते आहे असं त्याने सूत्रात म्हटलं. सोमवारी सकाळीच उदगीरच्या एका कापडवाल्या चाचांचा फोन आला. हे चाचा दर आठवड्याला कोडं पुरं सोडवणारे. मी तेव्हा नांदेडलाच गेले होते आणि दादाने फोन स्पीकरवर ठेवला होता. चाचा म्हणाले, “सर, धोका द्या, तो हक हाय तुमचा. पन बेइमानी करू नका.” दादाने पुढच्या पुरवणीत वाचकांची माफी मागितली, आणि चाचांचं ते वाक्य आमच्या घरात कायदा होऊन बसलं. फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही.

मी लातूरला एकटी राहते. शाळेत शिकवायचे, आता तेही नाही. रविवारी दुपारी दादाला फोन लावायचा, एकेक उत्तर सांगायचं, उकल सांगायची आणि चुकले की बोलणी खायची, हा माझा आठवड्यातला सगळ्यात चांगला तास होता. चिडका होता तो. मीही काही कमी नाही.

मग त्याच्या गळ्याखाली भाकरी उतरेना. आधी पाण्याबरोबर उतरायची, मग दुधात कुस्करून, मग तीही नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी लातूरला पाठवलं आणि दादा-वहिनी बाडबिस्तरा घेऊन माझ्याकडे आले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दादाला बाकड्यावर बसवलं आणि वहिनीला, पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाला आणि मला आत बोलावलं. अन्ननलिकेत गाठ होती, वाईट होती, पसरलेली होती. किरणांचा शेक दिला तर घास जरा उतरेल, बाकी काही करण्यासारखं नाही. मुलाने विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, “गणपती होतील. दिवाळीचं मी सांगत नाही.”

बाहेर यायच्या आत भाच्याने ठरवून टाकलं, बाबांना सांगायचं नाही, हाय खातील. वहिनीने होकाराची मान हलवली. मी म्हणाले, अरे, त्याचं मरण आहे, त्याला नको का ठाऊक? दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मीच गाठ आणली होती. मग मीही शब्द दिला. ज्या बाकड्यावर दादा बसला होता, त्याच्या डोक्यावरच रोगाच्या नावाची भलीमोठी पाटी होती. जन्मभर अक्षरांत शिरून बसलेल्या माणसाने ती वाचली नसेल, असं आम्ही तिघांनी एकमताने मानलं. माणसं किती मूर्ख होऊ शकतात, हे मी त्या दिवशी घरच्या घरी पाहिलं.

त्यातल्या त्यात मी एक ठरवलं. सांगायचं नाही तर नाही, पण दादाच्या कायद्यात राहायचं. रिक्षात त्याने विचारलं, “काय म्हनले डॉक्टर?” मी म्हणाले, “गाठ आहे. शेकावी लागेल. शेकली की घास उतरेल.” एकेक शब्द खरा. त्याने मान डोलावली. पुढे रोज असंच चाललं. दुखणार का? दुखलं तर औषध आहे. पुन्हा यायचं का? बोलावतील तेव्हा यायचं. दादा माझं प्रत्येक उत्तर ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून बघायचा आणि मला मनातल्या मनात हुशार असल्यासारखं वाटायचं. त्या हुशारीची आज शिसारी येते.

शेक संपत आला होता. एका संध्याकाळी वहिनी कोपऱ्यावर भाजी आणायला गेली होती. दादा गॅलरीत खुर्चीवर बसला होता, अंगातला सदरा दुसऱ्याचा वाटावा इतका वाळलेला. म्हणाला, “पेपरवाले दिवाळी अंकाला मोठं कोडं मागून राहिलेत. घेऊ का रचायला?”

दिवाळीच्या कोड्याला तो महिनेच्या महिने घालवायचा. मी वाक्य शोधू लागले. तुझी इच्छा, म्हणता आलं असतं. तब्येत बघून ठरव, हेही खरंच होतं. पण त्याने इतक्या आशेने विचारल्यासारखं वाटलं की माझ्याने राहवलं नाही. मी म्हणाले, “घे की. भरपूर वेळ आहे तुझ्याकडे.”

दादाने माझ्याकडे नीट पाहिलं.

“बास,” तो म्हणाला. “आलं उत्तर.”

“कसलं उत्तर?”

“रोग मला पैल्याच दिशी कळला. पाटी वाचता येती मला. दिवस किती, तेवढं कळत नव्हतं. इतके दिस तू लई जपून बोललीस. मी रोज तुझ्या बोलण्याची उकल करायचो, सगळं जुळायचं, एक शब्द खोटा न्हाई. आज पैल्यांदा बेइमानी केलीस. म्हंजे दिवाळी न्हाई.”

मी रडायला लागले. त्याने मला रडू दिलं नाही. “डोळे धू जा. ती आली की इचारील.”

डोळे धुऊन आले आणि त्याला म्हणाले, आता वहिनीशी बोल. ती गोळी हातावर ठेवते आणि पाठ फिरवून डोळे पुसते, तुला दिसत नाही का? इतक्या वर्षांचा संसार आहे, बोला की एकमेकांशी. दादा म्हणाला, “मला ठाऊक न्हाई, एवढाच तर आधार हाय तिला. तो काढून घेऊ? हाय खाईल ती. तू बी सांगायचं न्हाई. शब्द दे.”

हाय खाईल. तेच शब्द, फक्त माणूस बदलला. मला इतका राग आला की हातातला पाण्याचा तांब्या मी आपटलाच. पण शब्द दिला. आता मी दोघांनाही शब्द देऊन बसले होते.

ते नांदेडला परतले आणि माझ्या लातूर-नांदेड फेऱ्या सुरू झाल्या. त्या घरात जाऊन बसणं म्हणजे शिक्षा होती. वहिनी म्हणायची, “दिवाळीला ह्यांला नवा सदरा शिवायचाय. माप आत्ताच नको, तब्येत भरू द्या जरा.” दादा म्हणायचा, “हाव, तवर थांब.” तिने डुकराच्या पोटातला कारभारी म्हणून चिडवलं की तो मोठ्याने हसायचा आणि मग हसण्याने लागलेला ठसका लपवायचा. दोघं इतकं उत्तम करायची की मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

एकदा स्वयंपाकघरात पेज गाळता गाळता वहिनी हळूच म्हणाली, “ताई, लई बोलावंसं वाटतं ह्यांच्यासंगं. लग्न झालं तवापासूनचं. पन बोलले की कळंल ना ह्यांला.” मी पेज घेऊन बाहेर आले. दादाने दोन घोट घेतले, वाटी खाली ठेवली आणि दाराकडे बघून पुटपुटला, “तिला सांगायचं लई राहिलंय गं.” मधे एक भिंत होती, तीही साधी, एकेरी विटेची. मला एक हाक मारायची होती फक्त. मारली नाही. कुणाची बाजू घेऊन मारायची, तेच ठरेना.

दादाने पेपरला शेवटच्या कोड्याची उकल पाठवून दिली. उकल दिल्याशिवाय सोडायचं नाही, हाही त्याचाच नियम. नवं कोडं मात्र पाठवलं नाही. त्या रविवारी मी तिथेच असताना उदगीरहून फोन आला, दादाने तो स्पीकरवर ठेवला. वहिनी शेजारी बसून लसूण सोलत होती. चाचांनी विचारलं, “सर, ह्या रविवारी नवं कोडं न्हाई?” दादा म्हणाला, “चाचा, आता तुमी रचा.” मग चाचा म्हणाले, “अल्ला खैर करे, सर.” उदगीरच्या माणसाला टेलिफोनवर कळलं. वहिनीने लसणाची पाकळी सोलून वाटीत टाकली.

गणपती झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा गेला. शेवटच्या दिवशी वहिनी त्याचे पाय चोळत होती आणि भाद्रपदातल्या उकाड्याबद्दल बोलत होती. तोही उकाड्याबद्दलच बोलत होता.

सुतकातल्या कडू घासाला सोयऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. बायका आग्रह करून थकल्या, वहिनी ताटाला हात लावेना. मी तिच्याजवळ बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “एक बरं झालं बघा ताई. शेवटपत्तुर कळलं न्हाई ह्यांला.” तिने माझ्याकडे मान वळवली. “कळलं नव्हतं न्हवं? तुमी त्यांच्याजवळ असायच्या.”

दादाच्या कायद्यात बसणारं वाक्य माझ्याकडे तयार होतं. तुमच्याजवळ तसं कधी बोलला नाही तो, एवढंच म्हणता आलं असतं. पण तिला फसवाफसवी नको होती, तिला उत्तर हवं होतं. आणि मला त्या दोघांचा, त्यांच्या मायेचा आणि माझ्या दोन्हीकडच्या शब्दांचा संताप आला होता.

“न्हाई, वहिनी,” मी म्हणाले. “न्हाई कळलं त्याला.”

वहिनीने डोळे पुसले, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि खाल्ला.