जाळरेषेतलं बेट

गवत कापण्याआधी मावशी गवताशी बोलायच्या. हातातल्या काठीने झुडपांचे बुंधे बडवत, "उठा रे, निघा, आवरा पटपट," असं मुलांना शाळेसाठी उठवावं तसं ओरडत त्या पुढे चालायच्या आणि मगच मागे वळून विळा हातात घ्यायच्या. ससे पळायचे, सरडे पळायचे, बाकीचे मजूर हसायचे. उद्यान खात्यात बावीस वर्षं काढली, पण ही सवय काही सुटली नाही.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. शहराच्या मधोमध उरलेली झुडपांची टेकडी आणि तिच्या पायथ्याची घरं, यांच्यामध्ये तीस फूट रुंद पट्टा साफ ठेवायचा. टेकडीवर वणवा लागलाच, तर तो इथपर्यंत येऊन उपाशी मरावा. खात्यात याला जाळरेषा म्हणत. आता या पट्ट्यात एखादं घरटं सापडलं की मावशी भोवतीचं गवत तसंच ठेवायच्या, शेजारी काठी रोवून लाल चिंधी बांधायच्या, आणि पिल्लं उडून गेली की तेवढं बेट कापायच्या. हे नियमात बसत नव्हतं. पण साहेबांची टेकडीशी ओळख नकाशावरची, आणि नकाशावर काटे टोचत नाहीत. त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात वणवा आला आणि पट्टा ओलांडून शेवटच्या ओळीतल्या एका घराला भिडला. ते घर मावशींच्या लेकीचं. स्वयंपाकघर जळालं आणि पाच वर्षांच्या नातीच्या छातीत जो धूर गेला, तो खोकला होऊन तिथेच राहिला. वाऱ्याने ठिणगी उडाली असणार, असं सगळे म्हणाले. मावशी मूग गिळून गप्प बसल्या. त्या घराच्या भिंतीसमोरच त्यांनी एक बेट राखलं होतं, आणि आग त्याच गवतावरून पुढे गेली हे राख बघून त्यांना एका नजरेत कळलं होतं. तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

यंदा वस्तीने अर्ज केला, अख्खी टेकडी यंत्र लावून सपाट करा. चाळीस सह्यांमध्ये पहिली सही लेकीची होती, आणि अर्जही तिच्याच नावाने होता.

मावशी साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, टेकडीला हात लावू नका. पट्टा असा करून देते की काडी सापडणार नाही."

"मजूर सगळे दुसरीकडे दिलेत, मावशी."

"एकटी करते."

साहेबांनी कॅलेंडर बघितलं. "गुरुवारी चार वाजता येतो. पण पट्टा बघून तुमच्या लेकीने अर्ज मागे घेतला पाहिजे. नाहीतर शुक्रवारी यंत्र."

सहा दिवस मावशींच्या नाकी नऊ आले. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर फडकं गुंडाळून त्या कापत राहिल्या. गुरुवारी तीन वाजता एकच झुबका उरला. तोही नेमका लेकीच्या भिंतीसमोर. मावशींनी काठी आपटली. आतून तित्तिराच्या मादीने नुसतं बघितलं. ती अंड्यांवर बसली होती.

"ऊठ गं बाई," मावशी म्हणाल्या. "पाया पडते तुझ्या."

ती उठली नाही. सात अंड्यांसाठी अख्खी टेकडी घालवायची का, हा हिशेब शेंबड्या पोरालाही जमला असता. हात मात्र उचलत नव्हता. शेवटी त्यांनी पाखराला दोन्ही हातांनी बाजूला केलं. त्याने बोटाला चोच मारली आणि ते ओरडत उडालं. मावशींनी अंडी डोक्याच्या रुमालात घेतली आणि रडत रडत झुबका मुळापासून कापला.

चार वाजता साहेब आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि खूश झाले. "शाब्बास!" मग लेकीच्या दाराकडे वळून म्हणाले, "घ्या बाई, इथे सही करा, अर्ज मागे घेतल्याची."

लेक दारातून बाहेर आली. तिने कागद घेतला, पेन उघडलं, आणि तिची नजर आईच्या हाताकडे गेली.

"रुमालात काय आहे?"

"अंडी."

"गेल्या वर्षीही इथेच होती ना?"

मावशींनी रुमाल छातीशी धरला. "तुला माहीत होतं?"

"खिडकीतून चिंधी दिसायची. बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती." लेक हळू बोलत होती. "म्हणून यंत्र मागितलं. यंत्राला दया येत नाही, आई."

"यंदा कापलं ना गं मी."

"आणि पुढच्या वर्षी? माझ्याकडे बघून सांग."

घरात नात खोकली. मावशींनी लेकीकडे बघितलं. 'कापीन' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आला, पण रुमालातली अंडी अजून गरम होती आणि लेकीशी त्या आजवर कधी खोटं बोलल्या नव्हत्या. ओठ नुसतेच हलले.

 लेकीने पेनाचं टोपण लावलं. "मला तुझा राग नाही. पण हिला याच भिंतीशेजारी झोपवावं लागतं मला." तिने कागद सही न करताच परत केला. साहेबांनी घड्याळात बघितलं.

मावशींनी अंडी टेकडीच्या कडेला गवतात ठेवली. सकाळी ती गार होती.

शुक्रवारी यंत्र आलं. "मला पुढे चालू द्या, तेवढंच," मावशी म्हणाल्या. साहेबांनी यंत्र हळू चालवायला सांगितलं. मावशी काठी बडवत टेकडी चढल्या, वरून खाली यायला लागल्या. "उठा रे, निघा, आवरा." घरघराटात त्यांचा आवाज त्यांनाही ऐकू येत नव्हता. जनावरांना मात्र काठी कळली. ससे उठले, तित्तिर उठले, पिल्लं घेऊन मुंगूस निघालं. सगळी जिवाच्या आकांताने खाली धावली, मावशींनी सहा दिवस खपून साफ केलेल्या त्या पट्ट्यात, जिथे लपायला एक काडीसुद्धा उरली नव्हती.