मिरजेच्या चहावाल्याचा रॉयबॉस

चाळीस वर्षं मिरजेत चहापत्तीचं दुकान चालवलेल्या माणसाचा आयर्लंडात, मलिंगारला मुलाकडे येऊन चहाच बंद व्हावा, याला काय म्हणावं! मोरेश्वररावांच्या छातीत धडधड व्हायची. तीन महिने चहा सोडा, मग बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते ‘मग बघू’ धरून मोरेश्वररावांनी कसेबसे दिवस काढले. पत्ती तळहातावर चोळून हुंगायची जन्माची सवय. आता नुसतेच हात चोळत बसायचे.

परवा निकाल लागला. चहा कायमचा बंद.

“बाबा, रॉयबॉस घ्या ना. ग्रँड लागतो,” सून स्मृती म्हणाली.

“चहाचंच झाड का ते?”

“नाही, आफ्रिकेतलं झुडूप आहे.”

“मग दारातलं कुंपण उकळ की. तेही झुडूपच आहे.”

शनिवारी मुलगा अभिजित आपल्या वॉर्डातल्या एल्सी सिस्टरला घेऊन आला. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉयबॉसच्या डोंगरातलीच ती. तिनं गावाकडची सुटी पत्ती आणली होती. मोरेश्वररावांनी पिशवी जवळजवळ हिसकावलीच. चोळली, हुंगली, चाळून भुकटी आणि काड्या वेगळ्या केल्या. एल्सी बघतच राहिली. तिचे वडीलही असेच चोळून बघायचे, म्हणाली. फांद्या कापायच्या, ठेचायच्या, पाणी शिंपडून ढीग लावायचा. ढीग आतून तापला की हिरव्याचं लाल होतं. मग उन्हात पसरायचं. अभिजित मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर करून सांगत होता.

या गप्पांत रॉयबॉसचं पातेलं गॅसवर अर्धा तास खदखदलं.

“मेलो! कडूजहर झाला असणार!” मोरेश्वरराव ओरडले.

एल्सी हसली. हा उकळून कडू होत नाही. तिच्या आजीच्या चुलीवर भांडं दिवसभर असायचं. दूध-साखर घालून तिनं पहिला घोट घेतला, आणि तिचे डोळे भरून आले.

मोरेश्वररावांनीही घेतला. चहा नव्हता तो. काही केल्या नव्हता.

“तुमचा चहा कसा असायचा?” डोळे पुसत एल्सीनं विचारलं.

मोरेश्वररावांनी अभिजितची वाटच पाहिली नाही. “तीन भाग आसामची दाणेदार, एक भाग निलगिरी, थंडीत जरा कडक...” ते मराठीत सुटले ते सुटलेच. एल्सीही आपल्या भाषेत डोंगराचं सांगू लागली. अभिजित भाषांतराला पुढे सरसावला, तशी स्मृतीनं त्याची बाही ओढली.

“बस ना तू गप!”